पाच सेकंदांची अनुक्रमणिका

६ फेब्रुवारी

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी सहाला उठलो. पाणी भरलं, भाजी आणली. जेवण झाल्यावर तुझ्या मावशीच्या खोलीचं कुलूप काढलं. ती गेल्यापासून, म्हणजे पाच महिने, खोली बंदच होती. खिडकीची कडी गंजून बसली होती, तिला तेल घातलं. मग मासिकाचे अंक फळीवरून खाली काढून मोजले. एकोणीस वर्षांचे दोनशे अठ्ठावीस असायला हवेत. दोनशे सव्वीस भरले. दोन कुठे गेले ते शोधतो आहे.

तुझ्या आईने फोनवर तुझा निरोप सांगितला. त्यावरून मला समजलं ते असं. तुला आता मावशीच्या जागी त्याच संगीत मासिकात मांडणीचं काम मिळालं आहे. नवे संपादक अनुक्रमणिकेचं पान बदलायचं म्हणतात. तुला जुनी पानं आणि नवं पान शेजारी ठेवून कोणतं चांगलं यावर टिपण द्यायचं आहे, आणि ऑफिसातले जुने अंक गळक्या छतामुळे भिजून गेले आहेत. यात काही चुकलं असेल तर कळव. फोनवर मी नुसतं हं हं करतो आणि विचारायचं ते ठेवल्यावर आठवतं, म्हणून लिहितो.

एका अंकाचं वजन सरासरी एकशे छत्तीस ग्रॅम आहे. सगळे मिळून तीस किलो सातशेच्या पुढे जातात. तेव्हा अनुक्रमणिकेची पानं तेवढी कापून पाठवली तर चालतील का? माझ्याकडे चांगली पट्टी आणि कटर आहे.

मला संगीतातलं काही कळत नाही हे तू जाणतेसच. रेडिओवर व्हायोलिन लागलं की हे बिजागरीसाठी तेलाची बाटली शोधतात, असं तुझी मावशी सगळ्यांना सांगायची. पण मोजण्यामापण्याचं काही असेल तर सांग. त्यात बत्तीस वर्षं गेली आहेत.

तुझा,
काका


११ फेब्रुवारी

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

कापू नका. हात जोडते, पाया पडते, कटर कपाटात ठेवा आणि किल्ली शेजारच्यांकडे द्या. मला अख्खे अंक हवेत. आत काय आहे आणि अनुक्रमणिकेत काय आलं आहे, हे दोन्ही बघायचं आहे.

तुम्हाला समजलं ते सगळं बरोबर आहे, फक्त एक राहिलं. वीस मार्चला बैठक आहे आणि त्या दिवशी पानाचा निकाल लागणार. संपादकांचं पान माझ्या टेबलावर आहे. पानभर एका गायिकेचा फोटो, तिच्या खांद्यावर सहा लेखांची नावं, बाकीचे पंचवीस लेख कुठेच नाहीत. मी विचारलं, वाचकाने ते कसे शोधायचे? ते म्हणाले, 'त्याला चाळू दे ना, चाळण्यात गंमत असते.' माणूस वाईट नाही हो. पण हे पान एकदा लागलं की मावशीचं पान गेलं, आणि मला ते माझ्या हाताने काढून टाकावं लागेल.

सोबत दुसऱ्या दोन संगीत मासिकांचे अंक पाठवते आहे. पहिल्याने सगळे लेख कलावंतांच्या नावांनी लावले आहेत, म्हणजे नाव माहीत नसेल तर बसा. दुसऱ्याने लेखांची नावं तबकडीसारखी गोल गोल छापली आहेत. ते वाचताना अंक मोटारीच्या चाकासारखा फिरवावा लागतो. मी बसमध्ये वाचत होते तर शेजारच्या आजोबांनी नकाशा समजून विचारलं, बाळ, घर सापडत नाही का?

तुमच्या मापांचा मला उपयोग होईल. ओळी किती, अंतर किती, आकडे केवढे, सगळं मोजा. आणि एक विचारायचं आहे. आमचे जुने अक्षरजुळणीवाले म्हणतात की मावशी घरी कुणाच्या तरी हातात पान देऊन घड्याळ लावायची आणि वहीत सेकंद लिहून ठेवायची. अशी वही आहे का?

तुमची,
भिंगरी


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

आज चार खोकी रवाना केली. प्रत्येकावर आतल्या अंकांची यादी चिकटवली आहे. हरवलेल्यांपैकी एक अंक टेबलाच्या पायाखाली होता. टेबल डुगडुगू नये म्हणून मीच कधीतरी घातला असणार. टेबल आता डुगडुगतं.

मोजून झालं आहे. पूर्ण तक्ता वेगळ्या कागदावर आहे, इथे थोडक्यात देतो. गोल पानाच्या मासिकात निम्म्याहून जास्त पान कोरं आहे. नावांच्या मासिकात सगळ्या ओळी एकाच मापाच्या, त्यामुळे बोट घसरतं. आपल्या मासिकात पहिल्या तीन वर्षांत पानावर चौदा नोंदी होत्या, दोन ओळींत सहा मिलिमीटर अंतर. चौथ्या वर्षापासून नोंदी वाढत गेल्या. शेवटच्या वर्षी एकतीस आहेत आणि अंतर दीड. पानांचे आकडे आधी तीन मिलिमीटर उंचीचे होते, ते आठव्या वर्षी जूनमध्ये एकदम सात झाले आणि तसेच राहिले.

वहीचं बघतो.

तुझा,
काका


२२ फेब्रुवारी

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

खोकी पोचली. लिफ्ट बंद होती, त्यामुळे तीस किलोंची खात्री मी आणि संपादकांनी मिळून चार मजले केली. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी मला विचारलं की तुमच्या मावशींनी थोडं कमी काम केलं असतं तर चाललं नसतं का.

तुमचा तक्ता बघून ऑफिसात सगळे गार झाले. आठव्या वर्षीचे मोठे आकडे तुम्ही अगदी नेमके पकडलेत. त्या वर्षी मेमध्ये इथे जाहिरातचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मावशी तिथे नक्की गेली असणार आणि तिथूनच तिने ते उचललं असणार. मी टिपणात यावर दोन परिच्छेद लिहिले आहेत.

आता वही. आई म्हणते, वही आहे, हिरव्या पुठ्ठ्याची आहे आणि मावशीच्या टेबलाच्या वरच्याच खणात आहे. काका, तुम्ही टेबलाखालचा अंक शोधून काढलात आणि खणातली वही दिसली नाही, हे मला पटत नाही. वही मिळाली तर संपादकांपुढे नुसतं आवडीनिवडीचं बोलावं लागणार नाही. आकडे असतील.

तुमची,
भिंगरी


२५ फेब्रुवारी

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

वही पाठवत आहे. वरच्या खणात होती.

सर्व अक्षर तुझ्या मावशीचं आहे. काम झालं की परत पाठव.

तुझा,
काका


३ मार्च

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

वही म्हणजे खजिना आहे. दर महिन्याची तारीख, तीन प्रश्न, तीन वेळा. 'बासरीचे धडे, ५ सेकंद. जुन्या पियानोची दुरुस्ती, ४ सेकंद.' पहिल्या तीन वर्षांत वीस, पंचवीस, एकदा तर चक्क चाळीस सेकंद लागले आहेत. आणि चौथ्या वर्षापासून शेवटपर्यंत पाच. नोंदी चौदावरून एकतीसवर गेल्या तरी पाचच. एवढं भरगच्च पान इतकं सोपं कसं केलं तिने, हे मला अजून उलगडलेलं नाही, पण आकडे समोर आहेत. सबंध वहीत चूक एकच, आठव्या वर्षी मेमध्ये. पान एकतीसऐवजी सत्तावीस सांगितलं आहे.

प्रत्येक पानावर वर लिहिलं आहे, 'वाचक: हे'. म्हणजे तुम्ही. काका, इतकी वर्षं तुम्ही हे करत होतात आणि कधी बोलला नाहीत? आम्हाला वाटायचं, तुम्ही नुसते पेपर घेऊन कोपऱ्यात बसलेले असता.

टिपण लिहून झालं. शेवटच्या वर्षीचं पान जसंच्या तसं ठेवावं, असं मी त्यात म्हटलं आहे. नाव दिलं आहे 'पाच सेकंदांची अनुक्रमणिका'. सगळा डोलारा तुमच्या वहीवर उभा आहे. दहा तारखेला संपादकांच्या हातात देणार.

तुमची,
भिंगरी


५ मार्च

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र कुरियरने पाठवत आहे, म्हणजे दहाच्या आत पोचेल. टिपण देऊ नकोस. चौथ्या वर्षापासूनचे सगळे आकडे खोटे आहेत. ते मी खोटे केले.

कसं झालं ते लिहितो. तुझ्या मावशीचं म्हणणं असं, की ज्याला संगीतातलं काही कळत नाही त्याला लेख सापडला, तर तो कुणालाही सापडेल. तसा माणूस तिला घरातच मिळाला होता. छपाईला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती मला पान द्यायची, लेखाचं नाव सांगायची आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत उभी राहायची. मी पानाचा आकडा सांगायचो. तीन वर्षं मी प्रामाणिकपणे शोधलं. एकदा चाळीस सेकंद लागले. तिने पान परत घेतलं आणि सबंध नव्याने मांडायला बसली. छपाई थांबवून चार दिवस तेच चाललं होतं. मान दुखायची तिची. मला ते बघवलं नाही.

पुढच्या महिन्यात सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा टेबलावरचं पान मी तपासणीच्या डायरीत उतरवून घेतलं आणि दिवसभरात पाठ केलं. संध्याकाळी पाच सेकंद लागले. तेही खरे लागले नाहीत. मी पानावरून बोट फिरवत मनात पाचपर्यंत मोजलं आणि मग आकडा सांगितला. तिचा चेहरा बघून पुढच्या महिन्यात परत तेच केलं. मग ते बंद करायला जागा राहिली नाही.

मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. पारड्याखाली मेण लावणारे, आतून पोकळ वजनं ठेवणारे असे कितीतरी लोक मी पकडले. ते सांगायचे, साहेब, सुरुवात फार थोड्यापासून झाली. मी ते लिहून घ्यायचो आणि खटला भरायचो.

आठव्या वर्षी मेमधली चूक अशी. दुपारी एक लेख वाढला आणि पुढची पानं चारने सरकली. ते मला माहीत नव्हतं. समोर एकतीस छापलेलं असताना मी सत्तावीस सांगितलं. तिला वाटलं, माझी नजर गेली. दुसऱ्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी चष्मा दिला. गरज नव्हती, पण मी काय बोलणार. दोन वर्षं तो घालून मी जिन्यात जपून पाय टाकत होतो. आणि जूनच्या अंकात तिने पानांचे आकडे तीनचे सात मिलिमीटर केले, माझ्यासाठी. प्रदर्शनाला ती गेली नव्हती. तेव्हा प्रदर्शनाचे ते दोन परिच्छेदही काढ.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो. पण तुझ्यासाठी मोजताना मला दुसरं एक दिसलं. चौथ्या वर्षापासून नोंदी वाढत गेल्या. पाच सेकंदांत सापडतंय म्हटल्यावर तिने दर वर्षी एखादी ओळ वाढवली, अंतर कमी केलं. तिला खरं सांगणारं माप घरात नव्हतं. शेवटच्या वर्षीचं पान मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. त्यावर मला काही सापडलं नाही. ते पान वाईट झालं असेल तर ते माझ्यामुळे, तिच्यामुळे नाही. टिपणात तसं लिही.

तिला हे कळलं होतं का, मला माहीत नाही.

तुझा,
काका


१३ मार्च

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आठ तारखेला मिळालं. पहिलं काम केलं ते म्हणजे टिपणाचं नाव खोडलं. मग नावाखालची सगळी पानं. संपादकांना सांगितलं की आकड्यांत गफलत निघाली आहे, टिपण थेट बैठकीत देते. त्यांनी विचारलं, गफलत कुणाची? मी म्हटलं, घरातली.

दोन दिवस तुमच्यावर रागावले होते, हेही सांगते. तुम्ही वही पाठवलीत तेव्हाच एक ओळ लिहिली असतीत तर माझी सहा दिवसांची हमाली वाचली असती. पण चष्म्याचं वाचून ऑफिसात एकटीच हसत सुटले आणि मग राग टिकवता येईना.

आता नव्याने मोजते आहे. माझी मैत्रीण दातांची डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या लोकांइतका रिकामा आणि दुसरं काहीही करायला तयार असलेला वाचक जगात कुठे मिळणार नाही. संगीताशी संबंध नाही अशी वीस माणसं घ्यायची. चार पानं दाखवायची: मावशीचं तिसऱ्या वर्षीचं, नवव्या वर्षीचं, शेवटच्या वर्षीचं, आणि संपादकांचं. पान आधी कुणी बघायचं नाही. (हे तुमच्यामुळे लिहून ठेवलं आहे.)

तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते मी आईला विचारलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती काहीतरी सांगेल अशी भीती होती, पण आई तशी नाही. ती म्हणाली, 'ताईला काडीचाही पत्ता नव्हता. दर महिन्याला मला फोन करून सांगायची, ह्यांना सूर कळत नाही, ताल कळत नाही, पण माझं पान ह्यांना पाच सेकंदांत कळतं. अगं, किती मिरवायची तुझ्या काकांना.' आणि मग आई तोंडाला पदर लावून इतकी हसली की मला पाणी आणावं लागलं.

तेव्हा काका, ते तसं आहे. तिला कळलं नव्हतं.

तुमची,
भिंगरी


२३ मार्च

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

निकाल लागला. आधी आकडे सांगते, कारण तुम्ही तेच आधी शोधाल.

तिसऱ्या वर्षीचं पान, सरासरी बारा सेकंद. नवव्या वर्षीचं, जिथे नोंदी सतरा आहेत आणि आकडे मोठे, आठ सेकंद. शेवटच्या वर्षीचं, एकवीस. तुमचं म्हणणं बरोबर निघालं, ते पान फार दाटलं आहे. मला लिहायला जड गेलं पण तसंच लिहिलं. संपादकांच्या पानावर जे सहा लेख आहेत ते सहा सेकंदांत सापडतात. जे लेख तिथे नाहीत, ते शोधण्यात लोकांचं मिनिटभर गेलं. एक बाई मला 'माफ करा हं, आज माझं लक्ष नाही' म्हणून आत गेल्या. एका गृहस्थांना आतून हाक आली तर म्हणाले, थांबा, बासरीचे धडे सापडायचे आहेत.

बैठकीत संपादक म्हणाले, दात दुखणाऱ्या माणसांचं काय धरता, मला द्या पान. मी त्यांचंच पान दिलं आणि त्यांचंच संपादकीय शोधायला सांगितलं. ते सहांत नव्हतं. दहा-बारा सेकंद त्यांनी गायिकेचा खांदा तपासला, मग चष्मा काढून पुसला, मग म्हणाले, बरं.

ठरलं ते असं. नवव्या वर्षीचं पान परत आणायचं. नोंदी एकतीसच राहणार, पण एका पानाऐवजी दोन पानांवर मोकळ्या. आकडे सात मिलिमीटरचे. टिपणात मी लिहिलं आहे की मोठे आकडे ही या पानाची सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे, आणि ते का मोठे झाले ते लिहिलेलं नाही.

वही परत पाठवते आहे. सोबत पहिल्या नव्या अंकाचं प्रूफ आहे, संपूर्ण अंक. ते बंद पाकिटात आहे. दुसऱ्या छोट्या पाकिटात तीन प्रश्न आहेत. छोटं पाकीट आधी फोडायचं, घड्याळ समोर ठेवायचं, मग मोठं. मला कुणीतरी खरं सांगणारं हवं आहे आणि तुमच्याइतकं संगीत न कळणारं माणूस मला अजून मिळालेलं नाही.

तुमची,
भिंगरी


२९ मार्च

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

पाकिटं काल दुपारी आली. तेव्हा मी टेबलाच्या पायाखाली लाकडाची चकती बसवत होतो, म्हणून बाजूला ठेवली. आज जेवण झाल्यावर मावशीच्या खोलीत बसून सांगितल्याप्रमाणे केलं. मोठं पाकीट आधी फोडलेलं नाही, उजेडातही धरून पाहिलेलं नाही.

पहिला प्रश्न, मुलाखत: नऊ सेकंद. दुसरा, बासरीचे धडे: अकरा. तिसरा, व्हायोलिन बनवणाऱ्याचा लेख: त्रेचाळीस. हे जास्त आहे. कारण बघितलं. तो लेख तू 'सुरांमागचे हात' अशा मथळ्याखाली टाकला आहेस. मी तो गायकांमध्ये शोधला, मग वाद्यांमध्ये शोधला. सुरांच्या मागे हात असतात हे माझ्यासारख्याला सुचत नाही. त्याला सरळ 'वाद्यं कशी बनतात' म्हण. डाव्या पानाचा आतला समासही चार मिलिमीटरने कमी आहे, शिवणीत अक्षरं जातील. तुला यासाठी सबंध पान परत मांडावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.

तुझ्या आईने सांगितलेलं वाचलं. तिला नमस्कार कळव. ते पत्र वेगळं ठेवलं आहे.

लपवायचं काही नाही म्हणून आणखी एक लिहितो. एवढ्या वर्षांत पानाचा आकडा सांगितला की माझं काम संपायचं. ते पान उघडून आत काय आहे हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. आज त्रेचाळीस सेकंद शोधल्यावर वाटलं, बघावं तरी. चौपन्नावं पान उघडलं. लेख आठ पानांचा आहे. तो कारागीर लाकडाची फळी घासतो, बोटाने वाजवतो, परत घासतो. दोन्ही फळ्यांची जाडी त्याने मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत दिली आहे आणि ती दोन ठिकाणी वेगळी का ठेवतो तेही सांगितलं आहे. माणूस नीट काम करणारा दिसतो. अजून तारा बसवायच्या आहेत.

हे पत्र आजच्या टपालात पडायला पाचच्या आत चौकात जायला हवं. आता साडेतीन झालेत. तोवर उरलेली चार पानं वाचतो.

तुझा,
काका